‘पुढं काय’ मंडळाची आपा

रझियाआपाला कुठलीही गोष्ट संपलेली बघवत नसे. गणित सुटलं असं कुणी म्हणालं की ती विचारायची, "बरं, पुढं काय?" सहामाहीत पास झाले म्हटलं, तरी पुढं काय. आमच्या वर्गातल्या एकीचं लग्न ठरलं आणि ती लाजतलाजत साखर वाटत आपाजवळ आली. आपानं साखर तोंडात टाकली आणि खरंच माहिती हवी आहे अशा आवाजात विचारलं, "लई चांगलं झालं. पुढं काय?" ती पोर रडकुंडीला आली. आम्ही आपाला बाजूला घेऊन झापलं, पण आपलं काय चुकलं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. "म्या वाईट कुठं बोलले? लगीन झाल्यावर पुढं कायतरी आसंलच की," एवढंच तिचं म्हणणं.

हल्ली शाळांमधून मुलांना पुढच्या आयुष्याचं मार्गदर्शन करायला सूटबूट घातलेली माणसं येतात. पडद्यावर चित्रं दाखवतात, मोठी स्वप्नं बघा म्हणतात आणि चहा घेऊन जातात. माझा जन्म मास्तरकीत गेला, म्हणून अशा कार्यक्रमांना मला अजूनही पहिल्या रांगेत बसवतात. मी बसते. पण दर वेळी मनात येतं, ह्या गृहस्थांना एकदा आपासमोर उभं करायला हवं होतं. दोन प्रश्नांत त्यांना घाम फुटला असता.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. पाटीवर उस्मानाबाद आणि लोकांच्या तोंडी धाराशिव, असं ते गाव. मी मूळची येरमाळ्याची. तिथं मुलींना पुढची शाळा नव्हती, म्हणून आईनं मला मामाकडं धाडलं होतं. मामा पोस्टात होता. गावातली मुलींची शाळा पूर्वी उर्दूत चालायची, ती आता मराठीत चालू लागली होती. सातवीच्या वर्गात आम्ही पंधरा-वीस जणी, आणि सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून बसलेली रझिया. ती आमच्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी आणि चांगली हातभर उंच होती. पहिल्याच आठवड्यात सगळा वर्ग तिला आपा म्हणायला लागला.

पोलीस ॲक्शनच्या वर्षी तिची शाळा सुटली, ती पुढं बराच काळ सुटलीच. त्या दिवसांत घरच्यांनी तिला दाराबाहेर पडू दिलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तिचे वडील कोर्टात पेशकार होते. सगळा जन्म त्यांनी उर्दूत कागद लिहिले आणि साहेबापुढं मांडले. कोर्टाची भाषा बदलली तसे ते घरी बसले. आपा शाळेत परत आली तेव्हा शाळेचीही भाषा बदललेली होती. बोलायला तिला मराठी आमच्याइतकंच यायचं, गल्लीतच वाढलेली ती. पण वाचायला उठली की तिचं बोट अडायचं. लिहायची ते आधी मनात उर्दूत जुळवायची आणि मग मराठीत उतरवायची. तोवर बाईंचं शुद्धलेखन दोन ओळी पुढं गेलेलं असायचं.

तिची वही मागच्या बाजूनं उघडायची. उर्दूची जुनी सवय. सुशीलानं एकदा त्यावरून तिची टर उडवली, तर आपा शांतपणे म्हणाली, "तुमची वही संपती तिथं माझी सुरू व्हती. मधी कुठंतरी गाठ पडंल." विचार करायचा झाला की ती डावा डोळा मिटून घ्यायची. नवख्या माणसाला वाटायचं ही डोळा मारते आहे. भूगोल शिकवायला आलेले एक म्हातारे गुरुजी त्यावरून इतके बिथरले की पुन्हा त्यांनी मागच्या रांगेकडं पाहिलं नाही.

मंडळ कसं सुरू झालं ते सांगते. एके दिवशी बाईंनी आपाला धडा वाचायला उभं केलं. ती अडखळली, वर्ग हसला आणि सगळ्यांत जास्त सुशीला हसली. ही सुशीला एका वकिलाच्या कारकुनाची मुलगी. बोलण्यात चुरचुरीत होती, गणितात तिची बोंब होती. शाळा सुटल्यावर आपानं तिला फाटकाशी गाठलं. आता ही मारणार असं समजून मी सुशीलाच्या पाठीमागं उभी राहिले. आपा म्हणाली, "तुला भागाकार येत न्हाय. मला वाचाया येत न्हाय. बस खाली."

सुशीला मुकाट्यानं खाली बसली. मी तिच्या पाठीमागंच होते, म्हणून मीही बसले. आठवड्याभरात आम्ही सात-आठ जणी शाळेच्या आवारातल्या लिंबाखाली बसायला लागलो. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दंगा करणार नसाल तर बसा." मोठ्या माणसांची मदत म्हणावी तर एवढीच. बाकी सगळा कारभार पोरींचा.

त्या कारभाराचे नियम आपाचे. शिकवणारीनं उभं राहायचं नाही, बसूनच शिकवायचं, कारण उभं राहिलं की आवाज चढतो. ‘समजलं’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. "समजलं म्हनू नको, तिला समजावून सांग," असं म्हणून ती शेजारच्या मुलीकडं बोट दाखवायची, आणि शेजारचीला कळेपर्यंत आपलं समजणं धरलं जायचं नाही. माझी अपूर्णांकांची भीती ह्याच नियमानं गेली, कारण माझ्या शेजारी बसणारी पोर माझ्यापेक्षा ढ होती आणि तिला समजावता समजावता मला घाम फुटायचा.

मंडळाचं आणखी एक काम होतं, आणि ‘पुढं काय’ हे नाव त्याच्यावरून पडलं. रविवारी आपा आम्हाला कुठल्या तरी कामावरच्या माणसाकडं घेऊन जायची. दवाखाना, पोस्ट, कचेरी. तिथं जाऊन दोनच गोष्टी विचारायच्या. तुम्ही कितवी शिकलात, आणि तिथून इथं कसे आलात. पुढं शिकायचं म्हणजे नक्की कुठं पोचायचं, हे कुणाच्याच घरी माहीत नव्हतं. माझ्या घरी तर सातवी म्हणजे शिक्षणाची हद्दच. आपाचं म्हणणं असं की वाट माहीत नसली तर त्या वाटेनं आलेल्याला विचारावं.

सरकारी दवाखान्यात मिरजेकडच्या एक सिस्टर होत्या. त्यांनी हात पुसत सांगितलं, "सातवी झालेली बाई सुईणीचं काम शिकते, मॅट्रिक झालेली नर्स होते. ती पाणी तापवते, मी सुई टोचते." परत येताना आपा सबंध रस्ता डावा डोळा मिटून चालली. रामलिंगाला शाळेची सहल गेली तेव्हा ती आम्हाला येडशी स्टेशनात घेऊन गेली. छोट्या गाडीचं छोटं स्टेशन, आणि तिथले मास्तर मोठे दिलदार. त्यांनी पोरींना थंड पाणी दिलं आणि खरं ते सांगून टाकलं, "शिक्षणाचं काय घेऊन बसलात, मला माझ्या मेव्हण्यानं चिकटवलं." आम्ही हसलो. आपा हसली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "मेव्हना आपल्याला कोन न्हाय. आपल्याला शिकावंच लागंल."

पण सातवीच्या पुढं शिकायचं कुठं? आठवी होती ती फक्त मुलांच्या हायस्कुलात, आणि त्या हायस्कुलात मुलगी बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मंडळातल्या बहुतेक जणींनी तो विचार सोडून दिला होता. मामा मला म्हणाला होता, "हेडमास्तर घेत असले तर माझी ना नाही." सुशीलाच्या वडलांचंही तेच. आपाच्या अब्बांनी तर आधीच होकार दिला होता. सगळं घोडं त्या हेडमास्तरांपाशी अडलं होतं.

ते पुण्याकडून नवे आलेले, काळी टोपी, लांब कोट. त्यांच्यापुढं कसं उभं राहायचं ह्याची आपानं तालीम सुरू केली. तिला ठाऊक होती ती अब्बांची कचेरी. सुशीलाला कोळशाच्या मिशा काढून तिपाईवर बसवलं आणि आम्हाला एकेकीला आत यायला लावलं. उंबऱ्याशी थांबायचं. वाकून नमस्कार करायचा. नजर साहेबाच्या तोंडाकडं न्यायची नाही, मेजाच्या पायावर ठेवायची. साहेबानं विचारलं की लगेच उत्तर द्यायचं नाही, ते उद्धटपणाचं. दुसऱ्यांदा विचारलं की हळू बोलायचं. निघताना पाठ दाखवायची नाही, तोंड साहेबाकडं ठेवून मागं मागं जायचं. अब्बा तिला सांगायचे, "साहब के सामने पीठ नक्को फेरना, बेटी." आम्ही हे सगळं इतकं घोटलं की मी मामाच्या घरीसुद्धा स्वयंपाकघरातून उलटी चालत बाहेर पडायला लागले.

बाईंची चिठ्ठी घेऊन आम्ही तिघी हायस्कुलात गेलो. आपा, सुशीला आणि मी. उंबऱ्याशी थांबलो, वाकलो, मेजाचे पाय धरून उभ्या राहिलो, म्हणजे नजरेनं. हेडमास्तरांनी विचारलं, "नावं काय तुमची?" आम्ही गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा तिघी एकदम बोललो. मग ते म्हणाले, "एवढ्या मुलांच्या वर्गात बसाल का? भीती नाही वाटणार?" हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. आम्ही रीतीप्रमाणं गप्प राहिलो आणि दुसऱ्यांदा विचारतील म्हणून वाट बघत बसलो.

त्यांनी विचारलंच नाही. शेजारी उभ्या असलेल्या कारकुनाला म्हणाले, "पाहिलंत? तोंडातून शब्द फुटत नाही. वर्गात चार दिवस रडतील आणि पाचव्या दिवशी घरी बसतील." मग आमच्याकडं वळून म्हणाले, "दोघी-तिघींसाठी मी सगळ्या वर्गाची घडी मोडणार नाही. एक बाक भरेल इतक्या मुली आणा, मग बघू." आम्ही तोंड त्यांच्याकडं ठेवून मागं मागं निघालो. दारात शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन येत होता. सुशीला पाठीनं त्याच्यावर आदळली आणि दोघं ओलेचिंब झाले.

बाहेर रस्त्यावर सुशीला रडत होती. मला आपाचा राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटत होती की आता येरमाळ्याला परत जावं लागणार. आपा म्हणाली, "त्याला पैल्यांदा इचारलं तवाच उत्तर पायजे व्हतं. म्या शिकवलं त्ये अब्बाच्या सायबाचं व्हतं. त्यो सायेब गेला." घरी जाऊन तिनं हे अब्बांना जसंच्या तसं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मेरी तालीम मेरे साहब के साथ गई. तू नई तालीम ले." हे आम्हाला सांगून दुसऱ्याच वाक्याला ती कामाला लागली. त्या दिवसापासून लिंबाखाली नवी तालीम. नजरेला नजर द्यायची, आणि विचारलं रे विचारलं की बोलायचं. सुशीलानं ते इतकं मनावर घेतलं की ती प्रश्न पुरा व्हायच्या आतच उत्तर द्यायला लागली.

बाक चौघींचा. आम्ही तिघी. चौथी कुठून आणायची? मंडळात गंगी होती, गावाबाहेर मळ्यात राहणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. डोकं चांगलं, पण बाप ठाम. पोरांच्या शाळेत पोर धाडायची नाही. त्याला समजावायला बाई गेल्या, माझा मामा गेला. मुलींनी शिकावं, दिवस बदलले, असं सगळं सांगून झालं. तो मान हलवत ऐकायचा आणि नाही म्हणायचा.

मग आपा जायला लागली. शाळा सुटली की ती मळ्यात जायची आणि गंगीच्या आईबरोबर बियाण्याच्या शेंगा फोडत बसायची. शिक्षणाचं नावही काढायची नाही. तिकडं परीक्षा तोंडावर आली होती. मराठी पक्कं करायचे ते दिवस, आणि बाईसाहेब शेंगा फोडताहेत. मी तिला म्हटलं, "आपा, तू तुझं वाचणार कधी?" तर म्हणाली, "बाक भरला तर वाचायचं. न्हाय भरला तर वाचून काय करू?"

एका संध्याकाळी मीही तिच्याबरोबर गेले होते. गंगीचा बाप बैलांना वैरण टाकून ओट्यावर येऊन बसला. आपा हातातल्या शेंगा तशाच ठेवून म्हणाली, "काका, मला आठवीला जायाचंय. अब्बा जा म्हनत्यात. पर एवढ्या पोरांत एकलीनं जायाचं भ्या वाटतं. गंगीला सोबत द्याल का?"

आमच्याकडं पोरीनं सोबत मागितली तर नाही म्हणत नाहीत. विहिरीवर जायचं असो, येरमाळ्याला देवीला जायचं असो, सोबत मागणाऱ्या पोरीला एकटीला धाडलं तर गाव नावं ठेवतं. गंगीच्या बापानं तंबाखू चोळायची थांबवली. आपल्याला कोंडीत धरलं आहे हे त्याला कळलं होतं. "तू हाईस म्हून धाडतो," तो म्हणाला. "तू न्हाईस तवा गंगी न्हाय."

"व्हय काका," आपा म्हणाली.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी बाई वर्गात नावं वाचत होत्या. सुशीला पास. मी पास. गंगी पास. आपाचं नाव आलं नाही. बाईंनी चष्मा काढला आणि हळू आवाजात सांगितलं की गणितात ती वर्गात पहिली आहे, मराठीत गेली. मला रडू आवरेना, कारण त्या शेंगा मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आपा डावा डोळा मिटून बसली होती. थोड्या वेळानं ती "पुढं काय" असं पुटपुटली. एरवी ती हे दुसऱ्यांना विचारायची. त्या दिवशी तिनं ते स्वतःलाच विचारलं.

तिचं एक वर्ष गेलंच, पण गोष्ट तिथं थांबत नव्हती. बाक तीनच जणींचा राहिला. आणि ती नाही म्हणजे गंगी नाही, असं तोंडानं कबूल केलेलं.

त्याच संध्याकाळी ती मळ्यात गेली. गंगीनं दुसऱ्या दिवशी आम्हाला सगळं सांगितलं. बाप म्हणाला, "मंग मिटलं." आपा म्हणाली, "काका, सोबत मागितली ती म्या मागितली. आता म्या देते. रोज सकाळी येऊन गंगीला हायस्कुलाच्या दारापत्तूर नेते, सांच्याला दारातनं आनून घराला सोडते. म्या हाय, काका. वर्गात न्हाय, एवढंच." गंगीचा बाप हसला म्हणे. तो हसलेला गंगीनंही कधी पाहिला नव्हता.

राहिले हेडमास्तर. ह्या वेळी आम्ही चौघी गेलो. उंबऱ्याशी थांबलो नाही. आपा पुढं होती आणि सरळ त्यांच्या तोंडाकडं बघत होती. त्यांनी विचारलं, "किती जणी पास?"

"तिघी. म्या नापास," ती म्हणाली. त्यांचं वाक्य संपलं आणि तिचं उत्तर आलं.

हेडमास्तर जरा मागं टेकले. "नापास झालीस, आणि ते सांगायला स्वतः आलीस?"

"तुमी इचारलं, सर. पैल्यांदा इचारलं तवाच सांगितलं."

त्यांना त्यातलं काय कळलं देव जाणे. ते म्हणाले, "पण मग बाक भरला नाही."

"बाक चौघींचा हाय. चौथी म्या. म्या येनार हाय, पर वर्साभरानं. तवर माझी जागा धरून ठेवा."

शाळेत बाकावर जागा धरतात ती पाटी-दप्तर ठेवून, मधल्या सुट्टीपुरती. वर्षभर जागा धरून ठेवा म्हणून सांगणारी मी त्याआधी पाहिली नाही आणि नंतर इतकी वर्षं शाळेत काढूनही पाहिली नाही. हेडमास्तर म्हणाले, "पुढच्या जूनला तू इथं नसलीस, तर मुलींचा बाक मी उचलून ठेवीन. पुन्हा मांडणार नाही."

"व्हय सर," आपा म्हणाली आणि पाठ फिरवून ताठ चालत बाहेर पडली.

त्या वर्षी आम्ही तिघी आठवीत बसलो. बाकाच्या टोकाची चौथी जागा रिकामी. पहिल्या दिवशी एका दांडगट पोरानं तिथं दप्तर टाकलं. गंगीनं ते उचलून त्याच्या पायाशी ठेवलं. ती म्हणाली, "ही आपाची जागा हाय." पुढं मास्तरसुद्धा तसंच म्हणायला लागले. कोण आपा, हे त्यांच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं.

आपा रोज सकाळी गंगीला घेऊन यायची, फाटकाशी सोडायची आणि मग स्वतःच्या शाळेकडं पळायची, आपल्याहून तीन-तीन वर्षांनी लहान पोरींच्या वर्गात. तिला त्याची लाज वाटत असेल का? मी एकदा विचारलं होतं. "लाज वाटती," ती लगेच म्हणाली. "पर रोज थोडी थोडी कमी व्हती." संध्याकाळी लिंबाखाली आता दोन मंडळं बसायची. एकीकडं ती नव्या सातवीच्या पोरींना गणित शिकवायची. ते झालं की आम्ही तिघी तिला मराठी शिकवायचो, तिच्याच नियमानं, बसून. सुशीला काहीही विचारायची, आणि आपानं मनात उर्दू जुळवायच्या आत पाटीवर लिहायचं. उशीर झाला की सुशीला पाटी पुसून टाकायची. त्या तांब्यातल्या पाण्याचा हिशेब चुकता करायची अशी संधी तिला पुन्हा मिळाली नसती. आपा चिडायची नाही. पाटी पुसली गेली की म्हणायची, "बरं, पुढचं इचार."

उन्हाळ्यात मी येरमाळ्याला गेले आणि तिथं असतानाच मामाची बदली लातूरला झाली. आपाच्या सातवीचा निकाल काय लागला, मला कळायला मार्ग नव्हता. पुढं आपाविषयी कानावर आलं ते वेगवेगळ्या तोंडांनी. कुणी म्हणे ती हैदराबादेत नर्स झाली, कुणी म्हणे कुठंतरी गणित शिकवते. मी शोध घेतला, पण नेमकं कुणी सांगू शकलं नाही. ह्याची रुखरुख मला आहे आणि राहील. मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या जूनमध्ये, हायस्कुलात माझा शाळेचा दाखला न्यायला गेले तेव्हा. मामा बाहेर उभा होता, लातूरची बस गाठायची होती.

शाळेचा पहिला दिवस. कारकून दाखला लिहीत होता म्हणून मी व्हरांड्यातून आठवीच्या खिडकीशी गेले. आमचा बाक जागेवर होता, पण त्यावर आपा दिसेना. चार पोरी बसल्या होत्या, लिंबाखालच्या मंडळातल्या, चारही नवीन; सुशीला आणि गंगी आता नववीत गेलेल्या. टोकाच्या जागेवर, आम्ही वर्षभर धरून ठेवलेल्या जागेवर, त्यांतली सगळ्यांत बारकी बसली होती. आणि मग मला ती दिसली. भिंतीशी उभी होती, छातीशी वही धरून, सगळ्या वर्गाहून उंच.

हेडमास्तर दारात आले. त्यांनी बाकाकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. "तू उभी का?"

"बाक भरला, सर," आपा म्हणाली. "पुढं काय?"

पोरं खिदळली. हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनी शिपायाला हाक मारली, तोच तांब्यावाला, आणि त्यानं मागच्या दोन पोरांना हाताशी धरून दुसऱ्या खोलीतून एक बाक आणला. पाय घासत तो मुलींच्या बाकामागं मांडला. मामा बाहेरून मला हाका मारत होता. आपानं ओढणीनं बाकावरची धूळ पुसली, सगळ्या बाकाची, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ती भिंतीकडच्या टोकाला सरकून बसली, आणि शेजारच्या तीन जागा तिनं मोकळ्या सोडल्या.